औषधांना न जुमानणारे गजकर्ण

इंदापूर तालुक्यातील द्राक्षबागायतदाराला एक गोष्ट कोणी समजावून सांगावी लागत नाही. केवडा किंवा भुरी हटविण्यासाठी एकच बुरशीनाशक वर्षानुवर्षे फवारीत राहिले, तर सुरुवातीला हमखास गुण देणारे ते औषध पुढे मात्रा वाढवूनही काम देईनासे होते. म्हणून जाणता बागायतदार औषधांचे गट आलटूनपालटून वापरतो, सांगितलेली मात्रा मोडत नाही आणि रोगट पाने बागेत राहू देत नाही. हे शहाणपण माणसाच्या त्वचेवरील बुरशीच्या बाबतीत मात्र आपण पाळलेले नाही. परिणामी गजकर्ण, ज्याला नायटा किंवा दाद असेही म्हणतात, ही एके काळी क्षुल्लक समजली जाणारी व्याधी गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर हट्टी व दीर्घकाळ रेंगाळणारी झाली आहे. घरातील एकाला झाली की ती सर्वांना गाठते.

या रोगाने माणूस दगावत नाही आणि त्यामुळेच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. परंतु महिनोन्‌महिने रात्रीची झोप हिरावणारी खाज, उसाच्या फडात वा कारखान्यात काम करताना घामाने होणारी आग, शाळेत शेजारी बसण्यास नकार मिळालेले मूल, आणि एकामागून एक आणलेल्या मलमांवर खर्च झालेली मजुरी यांचा हिशेब मांडला, तर या व्याधीस क्षुल्लक म्हणता येणार नाही. बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील जीवनाच्या संदर्भात या रोगाचा प्रसार कसा होतो, औषधे निष्प्रभ का होतात आणि गावपातळीवर काय करता येण्यासारखे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जुनी व्याधी, नवी बुरशी

गजकर्ण आपल्याला नवे नाही. आयुर्वेदाने कुष्ठाच्या प्रकारांत ‘दद्रु’ म्हणून त्याची नोंद केली आहे. पावसाळ्यात रानोमाळ उगवणाऱ्या टाकळ्याला संस्कृतात ‘चक्रमर्द’ म्हणतात. अंगावर उठणाऱ्या चक्राकार चट्ट्यांचे मर्दन करणारा, असा त्या नावाचा अर्थ आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात ‘गोवा पावडर’ या नावाने एक पिवळसर भुकटी नायट्यावर लावली जात असे. ही भुकटी मूळची ब्राझीलमधील एका झाडाची असून ती पोर्तुगीजांच्या मार्गे गोव्यात येत असे. गजकर्णाचे मूळ बुरशीत आहे, ही गोष्ट मात्र १८४० च्या सुमारास युरोपात सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने सिद्ध झाली.

पोटात घेण्याचे पहिले प्रभावी औषध म्हणजे ग्रिसिओफल्विन. ते १९३९ मध्ये एका बुरशीपासूनच वेगळे करण्यात आले आणि १९५८ पासून माणसांवर वापरले जाऊ लागले. पुढे इट्राकोनॅझोल आले आणि १९९० च्या दशकात टर्बिनाफिनचा वापर सुरू झाला. टर्बिनाफिन इतके गुणकारी होते की, दोन ते चार आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होत. स्वस्त, सुरक्षित आणि खात्रीचे औषध हाती आले, अशी डॉक्टरांची भावना होती.

ही स्थिती २०१४ च्या सुमारास पालटू लागली. त्यापूर्वी आपल्या देशात गजकर्णाच्या रुग्णांत ‘ट्रायकोफायटन रुब्रम’ ही बुरशी प्रामुख्याने आढळत असे. आता तिची जागा ‘ट्रायकोफायटन मेंटाग्रोफायटिस’ गटातील एका वेगळ्या बुरशीने घेतली. देशातील आठ ठिकाणच्या रुग्णांच्या नमुन्यांचा रेणवीय अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहापैकी नऊहून अधिक नमुन्यांत या गटातीलच बुरशी सापडली. तत्पूर्वी २०१८ मध्ये दिल्ली व चंदीगड येथील शास्त्रज्ञांनी टर्बिनाफिनला दाद न देणाऱ्या बुरशीची नोंद करून तिच्या जनुकातील बदलही दाखवून दिले होते. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी या बुरशीस ‘ट्रायकोफायटन इंडोटिनिए’ असे स्वतंत्र नाव दिले. भारत आणि गजकर्णाचे लॅटिन नाव ‘टिनिया’ यांवरून ते बनविले आहे. प्रवाशांबरोबर ही बुरशी पुढे अनेक देशांत पोहोचली. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्क शहरातील दोन रुग्णांची नोंद जाहीर केली. त्यांतील एका स्त्रीने परदेशप्रवास केलेलाच नव्हता, म्हणजे संसर्ग तेथल्या तेथेच झाला होता. देशाचे नाव एखाद्या रोगजंतूस चिकटावे ही भूषणाची गोष्ट नाही. त्यातून घ्यावयाचा धडा मात्र महत्त्वाचा आहे.

औषध निष्प्रभ कसे होते?

‘आता शरीराला औषधाची सवय झाली’ असे लोक म्हणतात. वस्तुतः सवय शरीराला होत नाही, बदल बुरशीत होतो. बुरशीच्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असते व ते टिकून राहण्यासाठी अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ लागतो. हा पदार्थ बुरशी स्वतःच टप्प्याटप्प्याने तयार करते. त्यांतील एका आरंभीच्या टप्प्यावर स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, काम करते. टर्बिनाफिन या विकराला जाऊन चिकटते व त्याचे काम बंद पाडते. मग आवरण बनत नाही आणि बुरशी मरते. कुलपात किल्ली बसावी तसा हा प्रकार आहे.

परंतु बुरशीची वाढ होत असताना तिच्या जनुकांत आपोआप लहानसहान बदल घडत असतात. या विकराच्या साखळीतील ३९३ किंवा ३९७ या क्रमांकाचा एक अमिनो आम्लाचा मणी जरी बदलला, तरी कुलपाची रचना बदलते व औषधाची किल्ली नीट बसत नाही. असा बदल झालेले मोजके बीजाणू सुरुवातीला इतरांच्या गर्दीत असतात. रुग्णाने औषध घेतले की साधी बुरशी मरते आणि हे मोजके बीजाणू वाचतात. खाज थांबताच रुग्णाने गोळ्या सोडल्या किंवा मात्रा कमी केली, तर अर्धवट प्रतिकार असलेली बुरशीही टिकते. मोकळ्या झालेल्या जागेत मग याच बुरशीची पैदास होते आणि टॉवेल, अंथरूण व कपडे यांच्यावाटे ती पुढच्या माणसाकडे जाते. त्या दुसऱ्या माणसाने आयुष्यात कधीही औषध घेतलेले नसले, तरी त्याच्या वाट्याला प्रथमपासूनच हट्टी बुरशी येते. एकाने उपचार अर्धवट टाकल्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, ती अशी. म्हणूनच हा प्रश्न एका रुग्णापुरता न राहता सार्वजनिक आरोग्याचा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये मानवास घातक अशा १९ बुरशींची पहिली अग्रक्रम यादी जाहीर केली. तिच्यात गजकर्णाच्या बुरशीचा समावेश नाही, कारण ती यादी मुख्यतः शरीराच्या आत शिरणाऱ्या व प्राण घेणाऱ्या बुरशींची आहे. परंतु औषधप्रतिकार कसा निर्माण होतो व कसा पसरतो, हे आपल्या गावात डोळ्यांनी दिसणारे उदाहरण गजकर्णाचेच आहे.

मिश्र मलमाचा मोह

या साथीला खतपाणी घालणारी दुसरी गोष्ट म्हणजे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेले मिश्र मलम. अशा एका नळीत बुरशीनाशक, जंतुनाशक आणि तीव्र स्टेरॉइड अशी तीन-चार औषधे एकत्र असतात. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत लाली ओसरते, खाज थांबते आणि ‘औषध लागू पडले’ असे वाटते. प्रत्यक्षात स्टेरॉइड बुरशीला मारीत नाही. उलट तिच्याशी झुंजणारी त्वचेची नैसर्गिक प्रतिकारशक्ती ते दाबून टाकते. मलम थांबविले की चट्टा पूर्वीपेक्षा मोठा होऊन उठतो, रुग्ण पुन्हा तीच नळी आणतो आणि हे चक्र चालू राहते. चट्ट्याची ओळखीची गोल कड पुसट होत गेल्याने पुढे डॉक्टरांनाही निदान करणे अवघड जाते. जांघेत व काखेत असे मलम महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते आणि तेथे पडलेले चिरांसारखे वळ कायम राहतात. लहान मुलांची त्वचा नाजूक असल्यामुळे औषध रक्तात उतरण्याचा धोका त्यांना अधिक असतो.

केंद्र शासनाने मार्च २०१८ मध्ये त्वचेवर लावण्याच्या १४ स्टेरॉइड औषधांना असलेली सवलत काढून घेतली व ती औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असे ठरविले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ अशास्त्रीय मिश्र औषधांवर बंदी घालण्यात आली. त्यांत त्वचेवरील काही मिश्र मलमांचाही समावेश होता. कायदा झाला तरी त्याची अंमलबजावणी अखेर दुकानाच्या फळीवर आणि ग्राहकाच्या मागणीवर अवलंबून असते.

येथे शिक्षकांना एक सोपे काम करता येईल. नळीवरील बारीक अक्षरांतील नावे वाचावयास विद्यार्थ्यांना व पालकांना शिकवावे. क्लोट्रिमॅझोल, ल्युलिकोनॅझोल अशी ‘झोल’ने संपणारी नावे सामान्यतः बुरशीनाशकांची असतात. बीटामेथासोन, मोमेटासोन अशी ‘सोन’ने संपणारी नावे, तसेच क्लोबेटासॉल व हॅलोबेटासॉल ही नावे स्टेरॉइडची असतात. दोन्ही प्रकारची नावे एकाच नळीवर दिसली, तर ती नळी गजकर्णावर आपल्या मनाने लावू नये. एवढा एक नियम घराघरांत पोहोचला, तरी पुष्कळ नुकसान टळेल.

बारामती-इंदापूर परिसराचे वैशिष्ट्य

ऊब, ओल आणि माणसामाणसांतील निकट संपर्क या तीन गोष्टी बुरशीला हव्या असतात. हे दोन्ही तालुके मूळचे कमी पावसाचे आहेत. परंतु नीरा डाव्या कालव्याने आणि पुढे भीमेवरील उजनी जलाशयाने येथील शेतीचे व कामाचे स्वरूप पालटून टाकले. उसाला पाणी देताना रात्र रात्र दारे धरणारा शेतकरी ओल्या कपड्यांनिशी वावरतो. भिगवण, पळसदेव या बाजूला उजनीच्या फुगवट्यात मासेमारी करणाऱ्यांचे कपडे दिवसभर ओलेच असतात. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करणारे तरुण-तरुणी जाड व घट्ट कपड्यांत आठ-आठ तास घामाघूम होतात. गावोगावच्या तालमींत पैलवानांची अंगे एकमेकांस भिडतात आणि लंगोट, पंचा यांची अदलाबदल होते.

गाळप हंगामात माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर येथील साखर कारखान्यांच्या परिसरात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. कोपीत एकाच अंथरुणावर तीन-चार माणसे झोपतात, अंघोळीला पाणी पुरत नाही आणि पहाटेपासून अंगात चढविलेले कपडे रात्रीपर्यंत उतरत नाहीत. या कष्टकऱ्यांना रोगाचे वाहक म्हणून बोट दाखविणे अन्यायाचे ठरेल. रोग त्यांच्या राहणीतून येत नसून राहण्याच्या सोयी नसल्यामुळे येतो. शिवाय हट्टी गजकर्णाचा उपचार सहा-आठ आठवडे किंवा त्याहून अधिक चालतो. हंगामाच्या शेवटी सुरू केलेला उपचार टोळी गावी परतताच तुटतो. म्हणून कोप्यांवरील त्वचातपासणी हंगामाच्या आरंभीच झाली पाहिजे. औषधाचे नाव व सुरू केल्याची तारीख लिहिलेली उपचारपत्रिका रुग्णाजवळ दिली, तर पुढच्या गावातील डॉक्टरला तेथून पुढे उपचार चालविता येईल.

आषाढी वारीच्या दिवसांत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या मार्गाने जाते. भर पावसाळ्यात लाखो वारकरी चालत असतात. भिजलेले कपडे, ओली पादत्राणे आणि सामुदायिक मुक्काम यांमुळे त्वचारोगास अनुकूल स्थिती निर्माण होते. मुक्कामाच्या ठिकाणी असणाऱ्या आरोग्य पथकांकडे बहुतेक वारकरी पायांच्या फोडांसाठी व अंगदुखीसाठी जातात. तेथेच ‘प्रत्येकाचा पंचा वेगळा, भिजल्यावर अंग कोरडे करा’ असा दोन वाक्यांचा संदेश देता येईल. यजमान गावांना कपडे वाळविण्यासाठी आडोशाची जागा उपलब्ध करून देता येईल.

पाण्याचा प्रश्नही येथे विसरून चालणार नाही. मोरगाव-सुपे बाजूचा जिरायती पट्टा उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसतो. अशा गावांत ‘रोज सर्व कपडे धुवा’ असा उपदेश करणे सोपे असले, तरी तो पाळता येण्यासारखा नसतो. तेथे अग्रक्रम सांगितला पाहिजे. अंगाला भिडणारे आतले कपडे आणि टॉवेल आधी धुवावेत, अंथरुणावरील चादर त्यानंतर, आणि बाकीचे कपडे पाण्याच्या सोयीनुसार धुवावेत.

घरातील प्रतिबंध

बुरशीचे बीजाणू गळून पडलेल्या त्वचेच्या कणांबरोबर कपड्यांत व अंथरुणात महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतात. केवळ थंड पाण्यात साबण लावून धुण्याने ते पूर्णपणे जात नाहीत आणि एका बादलीत भिजवलेल्या निरोगी माणसाच्या कपड्यांसही लागतात. यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. रुग्णाचे कपडे वेगळे भिजवावेत. शक्य असेल तेव्हा ते सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या, म्हणजे हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात धुवावेत. मुलांना अशा पाण्यापासून दूर ठेवावे.

२. कपडे उलटे करून उन्हात पूर्ण कोरडे होईपर्यंत वाळवावेत. पावसाळ्यात शिवणीच्या व कमरेच्या पट्टीच्या जागी इस्त्री फिरवावी.

३. टॉवेल, पंचा, कंगवा, आतले कपडे व पांघरूण प्रत्येकाचे स्वतंत्र असावे.

४. अंघोळीनंतर जांघा, काखा, स्तनांखालील भाग व बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून मगच कपडे घालावेत. कपडे सुती व सैल असावेत. घट्ट जीन्स व कृत्रिम धाग्याचे तंग कपडे उपचाराच्या काळात टाळावेत.

५. कमरेचा करगोटा किंवा ताईताचा दोरा सतत ओला राहतो व बुरशीला आसरा देतो. त्यामागील श्रद्धेचा मान राखूनही उपचार संपेपर्यंत तो काढून ठेवावा व नंतर नवा बांधावा.

६. घरातील सर्वांची एकाच वेळी तपासणी करावी आणि ज्यांना चट्टे असतील त्या सर्वांचे उपचार एकदम सुरू करावेत. एकाला बरे करून दुसऱ्याला तसेच ठेवले, तर महिन्याभरात रोग पहिल्याकडे परत येतो.

७. चट्ट्यावर रॉकेल, ब्लीचिंग पावडर किंवा जहाल जंतुनाशक लावू नये. भाजलेल्या त्वचेवर बुरशी अधिकच फैलावते.

उपचाराची शिस्त

निदानासाठी खर्चिक यंत्रांची गरज नाही. चट्ट्याच्या कडेची थोडी खरवड काचेवर घेऊन तीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, की काही वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसतात. क्षयरोगाच्या तपासणीसाठी जेथे सूक्ष्मदर्शक व तंत्रज्ञ आहेत, तेथे ही चाचणी करता येण्यासारखी आहे. नीट उपचार करूनही गुण न येणाऱ्या रुग्णास बारामती येथील पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोग तज्ज्ञांकडे पाठवावे.

टर्बिनाफिन लागू पडत नाही अशा रुग्णांना डॉक्टर बहुधा इट्राकोनॅझोल देतात. ते जेवणाबरोबर घ्यावयाचे असते. हृदयाचा वा यकृताचा विकार, गर्भारपण आणि आधीपासून चालू असलेली औषधे यांची माहिती डॉक्टरांना दिल्याशिवाय ते घेऊ नये. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्यालाही लागू पडेल, या समजुतीने औषध घेणे येथे दुहेरी धोक्याचे आहे. ते प्रकृतीला घातक ठरू शकते आणि हाती उरलेले औषधही निकामी होण्याचा मार्ग मोकळा होतो. कारण टर्बिनाफिनची जी गत झाली, ती उद्या इट्राकोनॅझोलची होणार नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

मलम लावताना ते केवळ चट्ट्यावर न लावता कडेच्या बाहेर सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे, कारण बुरशी दिसणाऱ्या कडेच्या पुढे सरकलेली असते. चट्टा नाहीसा झाला तरी किमान दोन आठवडे मलम चालू ठेवावे. गोळ्या केव्हा थांबवावयाच्या, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावे. खाज थांबणे म्हणजे रोग जाणे नव्हे, हे वाक्य प्रत्येक आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवण्यासारखे आहे.

शिक्षक, ग्रामपंचायत आणि शासकीय यंत्रणा

शिक्षकाने निदान करू नये, लक्ष मात्र ठेवावे. सतत खाजविणारे, मान व मनगट झाकून घेणारे किंवा मागच्या बाकावर एकटे बसू लागलेले मूल दिसल्यास पालकांशी खाजगीत बोलावे. वर्गासमोर नाव घेतल्यास मूल रोग लपवू लागते आणि लपविलेला रोगच अधिक पसरतो. उपचार सुरू झालेल्या मुलास घरी बसविण्याचे कारण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकांना त्वचेचे विकार पाहण्याची जबाबदारी दिलेलीच आहे. अशा मुलांची यादी शाळेने पथक येण्यापूर्वी तयार ठेवल्यास तपासणी अधिक उपयोगी ठरेल. वसतिगृहे व आश्रमशाळांत प्रत्येक मुलाला स्वतंत्र टॉवेल, चादर आणि कपडे वाळविण्याची स्वतंत्र दोरी मिळते किंवा नाही, हे अधीक्षकांनी पाहावे.

गजकर्ण व कुष्ठरोग यांतील भेदही सर्वांना ठाऊक असावा. गजकर्णाला खाज सुटते व त्याची कड उठावदार, खवलेदार असते. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा फिकट वा लालसर असून तेथे खाज नसते व स्पर्श कळत नाही. शंका आल्यास आपल्या मनाने मलम न लावता आरोग्य केंद्रात जावे, कारण कुष्ठरोग वेळीच उपचार घेतल्यास पूर्ण बरा होतो. कुष्ठरुग्ण शोधमोहिमेत आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन चट्ट्यांची विचारपूस करतातच. त्याच भेटीत खाजेच्या चट्ट्यांची नोंद घेतली, तर कोणत्या वस्तीत किती कुटुंबे ग्रस्त आहेत याचे चित्र अल्प श्रमात उभे राहील. स्त्रिया जांघेतील वा छातीखालील चट्ट्याविषयी पुरुष कर्मचाऱ्याकडे बोलत नाहीत. त्यांच्यासाठी आशा व परिचारिका हाच विश्वासाचा दुवा आहे.

सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हे विषय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीनुसार पंचायतींच्या कक्षेत येतात. गावाची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि गाळप हंगामाच्या सुरुवातीला, हा विषय सभेत घेऊ शकेल. ऊसतोड कामगारांच्या तळावर न्हाणीघराचा आडोसा व पुरेसे पाणी, तालमीच्या आवारात कपडे वाळविण्याची जागा, टंचाईच्या काळात टँकरच्या खेपा ठरविताना आरोग्याच्या गरजेचा विचार, या गोष्टींची तरतूद ग्रामपंचायत विकास आराखड्यात करता येईल. गावातील औषधविक्रेत्यांनाही सभेस बोलवावे. चिठ्ठीशिवाय मिश्र मलम न देण्याची शपथ घेण्यापेक्षा, मागावयास आलेल्या ग्राहकाला ‘आधी आरोग्य केंद्रात दाखवून या’ असे त्यांनी सांगणे अधिक मोलाचे ठरेल. जेथे समजावूनही विक्री चालू राहील, तेथे अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी कळविण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

गजकर्णाच्या बुरशीजवळ कोणतीही अजिंक्य शक्ती नाही. तिची शक्ती आपल्या सवयींतून आली आहे. अर्ध्यावर सोडलेली गोळी, चिठ्ठीवाचून आणलेली नळी, सर्वांनी मिळून वापरलेला एक पंचा आणि संकोचापायी लपविलेली खाज यांनी तिला बळ दिले. नव्या औषधाची वाट पाहण्यापेक्षा हाती असलेली दोन-तीन औषधे पुढच्या पिढीसाठी गुणकारी ठेवणे हे अधिक निकडीचे आणि अधिक स्वस्त काम आहे. आपली बाग रोगमुक्त ठेवायची तर शेजारच्या बागेकडेही लक्ष द्यावे लागते, हे बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. तीच दृष्टी घराच्या उंबरठ्याच्या आत आणली, तर हा हट्टी रोग आटोक्यात येण्यास विलंब लागणार नाही.